सकाळी बुल्नेसची चढण, दुपारी सिद्रा : अस्तुरियासमधील एका दिवसाची आखणी

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील अस्तुरियास प्रांतात डोंगर, समुद्र आणि सफरचंदाच्या बागा एकमेकांना अगदी खेटून आहेत. पिकोस दे यूरोपा या चुनखडीच्या पर्वतरांगेतील शिखरे २,६०० मीटरच्याही वर चढतात आणि तेथून वीस-पंचवीस किलोमीटरवर समुद्र लागतो. या दोहोंमधल्या ओलसर, हिरव्या पट्ट्यात द्राक्षापेक्षा सफरचंद अधिक रुजले, आणि म्हणून स्पेनच्या इतर भागांत वाइनला जे स्थान आहे ते येथे सिद्रा म्हणजे सफरचंदाच्या सायडरला मिळाले. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने अस्तुरियासच्या सायडर-संस्कृतीचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. सह्याद्रीत भटकण्याची सवय असलेल्या आणि युरोपात राहणाऱ्या किंवा तेथे सहलीला जाणाऱ्या मराठी वाचकाला एकाच दिवसात डोंगर आणि सिद्रा या दोन्ही गोष्टी नीट अनुभवता याव्यात, यासाठी पुढील आखणी आहे.

या आखणीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय डोंगराचा नसून जेवणाच्या वेळेचा आहे. सिद्रा जेथे प्यायची त्या सिद्रेरियाचे स्वयंपाकघर साधारणपणे दुपारी दीड ते चार या वेळेत चालू असते, मग बंद होते आणि रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास पुन्हा उघडते. दिवसभर चालून संध्याकाळी पाच वाजता भुकेने व्याकूळ होऊन खाली उतरलेल्या माणसाला तेथे बाटली मिळते, परंतु बाटलीबरोबर पोटात घालायला पाव आणि चीजपलीकडे फारसे काही मिळत नाही. आणि दमलेल्या, रिकाम्या पोटी घेतलेली सिद्रा चवीपेक्षा डोक्यात आधी उतरते. म्हणून दुपारी दोनपर्यंत टेबलावर बसता येईल एवढीच चाल निवडावी, हा या लेखाचा मुख्य आग्रह आहे.

हा आग्रह मान्य केला की कारेस नदीच्या घळीतील प्रसिद्ध वाट आपोआप बाजूला पडते. ही वाट पोन्सेबोस या पायथ्याच्या वस्तीहून काइन या गावापर्यंत सुमारे १२ किलोमीटर जाते. घळीतील जलविद्युत प्रकल्पाच्या कालव्याची देखभाल करता यावी म्हणून ती १९४५ ते १९५० या काळात कड्यात खोदून काढण्यात आली. वाट अप्रतिम आहे यात शंका नाही. परंतु काइनहून रस्त्याने परत यायचे तर संपूर्ण पर्वतराजीला वळसा घालावा लागतो, त्यामुळे बहुतेक लोक आल्या वाटेने परततात आणि चाल चोवीस किलोमीटरच्या घरात जाते. तिच्यासाठी स्वतंत्र दिवस ठेवावा. सिद्रेच्या दिवशी ती अर्धी करून मागे फिरण्याचा मोह अनेकांना होतो. पण घळीत प्रत्येक वळणानंतर पुढचे वळण खुणावत असते आणि ठरल्या वेळी मागे फिरणारा माणूस क्वचितच आढळतो.

त्याऐवजी पोन्सेबोसहूनच निघणारी बुल्नेस गावाची चढण घ्यावी. बुल्नेसला आजही मोटारीचा रस्ता नाही. २००१ साली डोंगराच्या पोटातून, दोन किलोमीटरहून थोड्या अधिक लांबीच्या बोगद्यातून जाणारी केबलवर ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली. तोपर्यंत गावातील माणसे, त्यांचे सामान आणि त्यांचे आजारी सारे काही पायवाटेनेच वर-खाली जात असे. ती जुनी पायवाट म्हणजेच आपली चढण. तिला कानाल देल तेशु म्हणतात. पोन्सेबोस सुमारे २२० मीटरवर आणि बुल्नेस सुमारे ६५० मीटरवर असल्यामुळे चढ साधारण चारशे मीटरांचा, अंतर चार किलोमीटरांच्या आसपास आणि वेळ सव्वा ते दीड तास, असा हिशेब धरावा. राजगड किंवा तोरणा पायथ्यापासून चढलेल्या माणसाला ही चढण जड जाणार नाही.

पोन्सेबोसला रेल्वेच्या स्थानकावरून पुढे कारेसच्या दिशेने थोडे चालले की डाव्या हाताला बुल्नेसची पाटी दिसते आणि वाट नदीकडे उतरते. ला हाया नावाच्या जुन्या दगडी पुलावरून कारेस नदी ओलांडली की खरी चढण सुरू होते. पुढे वाट एका ओढ्याच्या काठाने, दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंतींमधून नागमोडी वर जाते. तिच्यावर बसवलेले दगड पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी आणि जनावरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेले आहेत, त्यामुळे कोरड्या दिवशीही उतरताना घसरण्याची भीती असते आणि पावसात तर ती निश्चितच असते. काही ठिकाणी वाटेच्या कडेला सरळ उतार आहे आणि कठडा नाही. लहान मुले बरोबर असतील तर त्यांचा हात धरावा लागेल अशा जागा चार-सहाच आहेत, परंतु त्या आहेत.

बुल्नेस दोन वस्त्यांचे आहे. खालच्या वस्तीत खाण्यापिण्याची दोन-चार ठिकाणे आहेत आणि तेथे सिद्राही मिळते. ती येथे घेऊ नये, कारण उतरण अजून बाकी आहे आणि खरा धोका चढताना नसून उतरताना असतो. कॉफी घ्यावी, पाणी भरून घ्यावे आणि थोडे पुढे, जेथून पिकु उर्रिएयु हे शिखर दिसते त्या जागेपर्यंत जाऊन यावे. नारान्हो दे बुल्नेस या नावानेही ओळखला जाणारा हा २,५१९ मीटर उंचीचा चुनखडीचा सुळका स्पॅनिश गिर्यारोहणाचे प्रतीक मानला जातो. ५ ऑगस्ट १९०४ रोजी पेद्रो पिदाल आणि काइन गावचा मेंढपाळ ग्रेगोरिओ पेरेस यांनी तो प्रथम सर केला. पिदाल हे वियाविसिओसाचे मार्क्विस होते, आणि वियाविसिओसा हे अस्तुरियासच्या सफरचंदबागांचे मुख्य गाव; डोंगर आणि सिद्रा यांची सांगड आपल्या आधीही कोणाच्या तरी नावात जुळून आली होती, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १९१८ मध्ये कोवादोंगाच्या डोंगराळ भागाला स्पेनचे पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित करण्यामागेही पिदाल यांचाच पुढाकार होता.

परतीसाठी दोन पर्याय आहेत. गुडघे चांगले असतील आणि दगड कोरडे असतील तर पायी उतरावे. तासाभरात पोन्सेबोस गाठता येते. पाऊस झाला असेल, धुके उतरले असेल किंवा बरोबरची व्यक्ती थकली असेल तर संकोच न करता रेल्वेने यावे. ती काही मिनिटांत खाली आणते. मात्र रेल्वेने वर जाऊन पायी उतरण्याचा उलटा बेत करू नये. त्यात दमही लागत नाही आणि गुडघ्यांना मात्र त्रास होतो, आणि दमल्याशिवाय पहिल्या घोटाची मजा अर्धीच राहते.

हवामानाच्या बाबतीत येथे आपल्याकडचा पावसाळा-उन्हाळा हा हिशेब चालत नाही. समुद्र जवळ असल्यामुळे वर्षभर केव्हाही पाऊस येऊ शकतो आणि स्वच्छ सकाळ तासाभरात धुक्यात हरवते. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सर्वांत चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये पोन्सेबोसला मोटारी लावायला जागा मिळत नाही. ऑक्टोबरचा एक विशेष लाभ आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण त्या महिन्यात सूर्य सव्वाआठ-साडेआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे आपल्या ट्रेकच्या सवयीने पहाटे पाचला उठून काहीही साधत नाही. नऊला चढायला सुरुवात केली तर साडेदहाला बुल्नेस, बाराच्या आत परतीची वाट आणि एकपर्यंत पोन्सेबोस, असे आरामात जमते. पावसाळी जाकीट, चांगली पकड असलेले बूट, दीड लिटर पाणी आणि थोडा सुका खाऊ एवढे पुरे. घळीत मोबाइलला नेहमी रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

मुक्काम आरेनास दे काब्रालेस या गावी करावा. पोन्सेबोस तेथून सुमारे सहा किलोमीटरवर आहे, उन्हाळ्यात बसची सोय असते, एरवी टॅक्सी करावी. मुक्काम आरेनासलाच का, याचे कारण साधे आहे : सिद्रेनंतर कोणीही गाडी चालवू नये. नैसर्गिक सिद्रेत साधारण सहा टक्के अल्कोहोल असते आणि बाटली ७० सेंटिलिटरची असते, म्हणजे एका बाटलीत सुमारे ३३ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. स्पेनमध्ये दहा ग्रॅम हे एक प्रमाण-पेय मानतात, तेव्हा ही तीनहून अधिक पेये झाली. घोट लहान असल्यामुळे हे लक्षात येत नाही, आणि तीच सिद्रेची गोम आहे. टेबलापासून खोलीपर्यंत चालत जाता येईल अशी व्यवस्था आधी करावी आणि मगच बाटली मागवावी.

आता टेबलावर. आरेनासला परतल्यावर आधी तोंड-हात धुवून दोन पेले साधे पाणी प्यावे. तहान सिद्रेने भागवायची नसते. बूट बदलण्याची मात्र घाई नको, कारण सिद्रेरियाची जमीन ओली असते आणि ट्रेकचे बूट तेथे अगदी शोभून दिसतात. जमीन ओली का असते, हे कळले की सिद्रा पिण्याची संपूर्ण रीतच कळते.

अस्तुरियासची नैसर्गिक सिद्रा गाळलेली नसते आणि तिच्यात बाहेरून वायूही भरलेला नसतो. शरद ऋतूत वेचलेली सफरचंदे यागारमध्ये, म्हणजे सिद्रा बनवण्याच्या चरकघरात, सावकाश पिळली जातात. रस पिंपांत आंबतो आणि पुढच्या वसंतापासून बाटल्या भरायला सुरुवात होते. अशी सिद्रा सरळ पेल्यात ओतली तर ती निर्जीव, आंबट आणि किंचित तुरट लागते. तिच्यात विरघळलेला थोडासा कर्बवायू आणि तिचा सुगंध मोकळा व्हावा यासाठी ती उंचावरून ओतून पेल्याच्या कडेवर फोडावी लागते. या ओतण्याला एस्कान्सियार म्हणतात. ओतणारा बाटलीचा हात डोक्याच्या वर पूर्ण ताणतो, रुंद तोंडाचा पातळ पेला दुसऱ्या हाताने खाली मांडीपाशी तिरपा धरतो आणि समोर कुठेतरी पाहत बारीक धार सोडतो. धार पेल्याच्या आतल्या कडेवर आदळते आणि द्रव क्षणभर दुधाळ होऊन फेसाळतो. आपल्याकडे चहावाला चहा उंचावरून ओतून निववतो, त्याची येथे आठवण होते, पण येथे निववण्याचा हेतू नसतो, जागे करण्याचा असतो.

एका वेळी पेल्याच्या तळाशी दोन-तीन बोटे एवढीच सिद्रा येते; तिला कुलिन म्हणतात आणि एका बाटलीत पाच-सहा कुलिन बसतात. कुलिन हातात आला की तो टेबलावर ठेवायचा नसतो, त्याच्याकडे पाहत गप्पाही मारायच्या नसतात. फेस काही सेकंदांत विरतो, त्याच्या आत तो एका दमात प्यायचा, तळाशी थोडीशी सिद्रा शिल्लक ठेवायची आणि ती पेल्याच्या ज्या कडेला ओठ लागले तेथून जमिनीवर किंवा त्यासाठी ठेवलेल्या पन्हाळीत सोडायची. ही रीत ज्या काळातली आहे त्या काळात सगळ्या मंडळींत पेला एकच असे, तोच एकामागून एक सर्वांकडे फिरे, आणि शेवटचा घोट कड धुण्यासाठी असे. उष्ट्याचा विचार ज्यांच्या रक्तात आहे अशा आपल्या लोकांना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. आता बहुतेक ठिकाणी प्रत्येकाला स्वतंत्र पेला मागता येतो आणि तसा मागण्यात कोणालाही गैर वाटत नाही. तरीही थोडी सिद्रा सांडून टाकण्याची रीत पाळावी, कारण तळाशी साका उतरलेला असतो आणि तो शेवटचा घोट चवीलाही फारसा बरा नसतो.

ओतण्याचे काम सिद्रेरियातील एस्कान्सियादोर करतो. तो टेबलांमधून फिरत असतो. पेला रिकामा दिसला की येतो, नाही आला तर नजरेने बोलवावे. पेला हाताशी भरलेला नसल्यामुळे पिणे आपोआप संथ होते, आणि दोन कुलिनांच्या मध्ये जेवण व गप्पा होतात. स्वतः ओतून पाहण्याची हौस सर्वांनाच येते. पहिल्या प्रयत्नात माझ्या पेल्यापेक्षा माझ्या बुटांत अधिक सिद्रा गेली होती, म्हणून सल्ला असा की हौस शेवटच्या बाटलीवर, अंगणातल्या टेबलाशी भागवावी. धार डोळ्यांनी न शोधता पेल्याचा हात स्थिर ठेवावा, आणि उंची हळूहळू वाढवावी.

चव घेण्याची पद्धत वाइनसारखी नाही. तोंडात घोळवत बसण्यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. ओतल्यावर फेस झटकन विरतो की रेंगाळतो, हे पाहावे; चांगल्या सिद्रेचा फेस लवकर नाहीसा होतो. पेला रिकामा झाल्यावर त्याच्या आतल्या भिंतीवर पातळ, जाळीदार थर चिकटून राहतो, त्याला पेगे म्हणतात. जाणकार लोक चवीइतकेच महत्त्व त्याला देतात. आणि शेवटी गंध व आम्लता : ताजे सफरचंद, थोडे लिंबू, कधी ओलसर लाकूड, आणि घशात उतरल्यावर हलका तुरटपणा. पहिला कुलिन आंबट वाटून निराशा होते, दुसऱ्याला जीभ सरावते, तिसऱ्यापासून ती मागते. तेव्हा पहिल्यावरून मत बनवू नये. एकाच उत्पादकाच्या दोन पिंपांची सिद्रा वेगळी लागते. अशा प्रत्येक खेपेला पालो म्हणतात, आणि ‘आज कोणता पालो आहे?’ असे विचारणाऱ्या परदेशी माणसाकडे एस्कान्सियादोर जरा आदराने पाहतो.

खाण्यात काब्रालेसचे निळे चीज टाळून चालणार नाही, कारण आपण त्याच्याच गावात बसलो आहोत. निरशा दुधाचे हे चीज आसपासच्या डोंगरातील थंड, दमट गुहांत किमान दोन महिने मुरवले जाते. ते अतिशय उग्र असते. म्हणून पहिले दोन कुलिन चीज येण्यापूर्वी घ्यावेत. एकदा काब्रालेस जिभेवर बसले की सिद्रेतील बारकावे संपले, उरते ती तिची आम्लता, जी चीजचा तेलकटपणा मात्र सुरेख धुऊन काढते. मांसाहारी मंडळींना सिद्रेत शिजवलेला चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचा मसालेदार सॉसेज, आहेच. शाकाहारी वाचकांची अडचण होते हे खरे, कारण येथील प्रसिद्ध, पावट्यासारख्या मोठ्या पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांच्या रश्श्यातही, म्हणजे फाबादामध्ये, डुकराचे मांस असते. त्यांनी बटाट्याचे ऑम्लेट, आणि विशेषतः तोर्तोस मागवावेत. मक्याच्या पिठाच्या या तळलेल्या पातळ चकत्या चीज किंवा अंड्याबरोबर देतात, आणि मक्याच्या भाकरीशी ओळख असलेल्या जिभेला त्या परक्या वाटत नाहीत. चीजमधील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, बहुधा प्राणिज असते, हे काटेकोर शाकाहारींनी लक्षात ठेवावे. शेवटी तांदळाची खीर घ्यावी. वरची साखर जाळून तिच्यावर कडक पापुद्रा केलेला असतो.

दोघांत एक बाटली, जेवण लांबले तर चौघांत तीन, हे प्रमाण मला योग्य वाटते. संध्याकाळ झोपेची.

सिद्रा कशी बनते ते पाहायचे असेल तर ते त्याच दिवशी कोंबू नये, दुसरा दिवस द्यावा. आरेनासहून बसने आर्रिओंदासला यावे. तेथून ओविएदोकडे जाणारी अरुंद रुळांची रेल्वे नावा या गावी थांबते, जेथे सिद्रेचे संग्रहालय आहे आणि जुलैमध्ये सिद्रेचा उत्सव भरतो. गाडी चालवणारा न पिणारा सोबती असेल तर वियाविसिओसा गाठावे. एल गायतेरो हा जुना उत्पादक तेथेच आहे आणि त्याचा कारखाना पाहता येतो. लहान यागारांना आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. चव घेताना क्रम पाळावा : आधी उंचावरून ओतलेली नैसर्गिक सिद्रा, मग गाळलेली आणि साध्या वाइनच्या पेल्यात देतात ती, त्यानंतर बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ, आणि शेवटी गोठवलेल्या रसाची गोड सिद्रा. गोडापासून सुरुवात केली तर नैसर्गिक सिद्रेवर अन्याय होतो. बाटलीवर ‘सिद्रा दे अस्तुरियास’ हे संरक्षित नाव असेल तर तिच्यातील सफरचंद याच प्रांतातले आहे, अशी खात्री धरावी. त्या नावाशिवायच्या सिद्रेत बाहेरचे सफरचंद असू शकते, कारण येथील झाडे एक वर्ष भरभरून फळतात आणि पुढच्या वर्षी हात आखडता घेतात.

ऑक्टोबरचा लाभ तो हा. त्या महिन्यात यागार चालू असतात, गावोगावी भाजलेल्या चेस्टनटांचे मेळावे होतात, आणि त्यांच्याबरोबर नुकताच पिळलेला, अजून न आंबलेला गोड रस देतात. मद्य न घेणाऱ्या सोबत्याला, किंवा मुलांना, त्या दिवसांत टेबलावर परके वाटत नाही. इतर महिन्यांत त्यांच्यासाठी बाटलीबंद सफरचंदाचा रस मागवावा.

घरी आणायची झाल्यास बाटल्यांपेक्षा पेले आणावेत. नैसर्गिक सिद्रा प्रवासात हेलकावते, साका वर येतो, आणि उंचावरून ओतणारा हात जवळ नसेल तर तिची निम्मी चव बाटलीतच राहते. पातळ काचेचा तो पेला मात्र सदऱ्यांमध्ये गुंडाळून हातातल्या सामानात नीट येतो, आणि न्हाणीघरात साध्या पाण्याने धारेचा सराव करायला तेवढा पुरेसा आहे.